‘बॅडविंडो’ आला, म्हणजे सर्व्हरने प्रोग्राम मारला?

लिनक्सवर एखादा प्रोग्राम ‘बॅडविंडो’ (म्हणजे ‘अशी विंडोच नाही’) असा संदेश टाकून बंद पडला, की ‘एक्स सर्व्हरने’, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या प्रोग्रामने, ‘मारला’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे. १९८७ पासूनच्या एक्स११मध्ये (या सर्व्हरशी बोलण्याच्या प्रोटोकॉलमध्ये) सर्व्हर फक्त ३२ बाइटचा एरर संदेश पाठवतो: कोणती विनंती फसली, तिचा क्रमांक, कोणती विंडो. जोडणी शाबूतच राहते. प्रोग्राम बंद करतो तो एक्सलिबचा (प्रोग्राम सर्व्हरशी बोलायला वापरतो त्या लायब्ररीचा) मूळ एरर हँडलर, म्हणजे क्लायंटच्याच, अर्थात प्रोग्रामच्याच, बाजूचा कोड! एक्ससेटएररहँडलर हे फंक्शन वापरून तो बदलता येतो. विंडो मॅनेजर (इतर प्रोग्रामच्या विंडो मांडणारा प्रोग्राम) लिहिणाऱ्यांनी तर बदलायलाच हवा. दुसऱ्याची विंडो केव्हाही नाहीशी होऊ शकते. एरर उशिरा पोहोचतो, म्हणून दोष शोधताना एक्ससिंक्रोनाइझ (प्रत्येक विनंतीनंतर सर्व्हरची वाट पाहायला लावणारं फंक्शन) चालू करा. एक्सची जागा घेणाऱ्या नव्या वेलँड प्रोटोकॉलमध्ये मात्र प्रोटोकॉल एररला माफी नाही: तिथे सर्व्हर जोडणीच तोडतो.