फोन कधी लावायचा, कधी ठेवायचा

टेलिफोनच्या दोन तांब्याच्या तारा आणि ऑफिसातले सहा-सात संगणक. सगळ्यांना एकाच वेळी इंटरनेट कसं मिळणार? १९९०च्या दशकात लहान ऑफिसांपुढच्या या कोड्याचं एक सुरेख उत्तर म्हणजे आयएसडीएन राउटर. आयएसडीएन म्हणजे आवाज आणि माहिती दोन्ही आकड्यांच्या रूपात नेणारी टेलिफोन सेवा, आणि राउटर म्हणजे ऑफिसातले संगणक बाहेरच्या जाळ्याशी जोडणारी पेटी. त्याच्या वेगाचं कौतुक पुष्कळ झालं. मला भावतं ते वेगळंच: फोन कधी लावायचा आणि कधी ठेवायचा, हे त्याला कळायचं.

आधी तारांकडे पाहू. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. आयएसडीएनने हे आकडे तसेच्या तसे ग्राहकाच्या टेबलापर्यंत आणले. साध्या मोडेमला आकड्यांचे सूर करावे लागत आणि पलीकडच्या मोडेमशी ते जुळवण्यातच बराच वेळ जाई. इथे ती यातायातच संपली. साध्या जोडणीत ६४ किलोबिटच्या दोन 'बी' वाहिन्या असतात, शिवाय १६ किलोबिटची एक 'डी' वाहिनी. माल वाहतात बी वाहिन्या. डी हा निरोप्या: कोणाला फोन लावायचा, कोणाचा आला, कधी तोडायचा. निरोप्या वेगळा, म्हणून फोन एक-दोन सेकंदांत लागतो.

कोणी ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, राउटरकडे येतं. पत्ता आपल्या जाळ्यातला नाही, हे पाहून राउटर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावतो. आतल्या संगणकांचे पत्ते खासगी, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारे. बाहेर मात्र सगळे एकाच पत्त्याने वावरतात. कोणतं उत्तर कोणाचं, याची नोंद राउटर ठेवतो. काम वाढलं की दुसरी बी वाहिनीही जोडतो. मग वेग १२८ किलोबिट, म्हणजे एक मेगाबाइटच्या फाइलला मिनिटभर.

पण दोन वाहिन्या म्हणजे दोन फोन, आणि बिल मिनिटांवर. इथेच खरी कसोटी. संगणक माणसं घरी गेल्यावरही गप्प बसत नाहीत. रिप या पद्धतीने बोलणारे राउटर तर दर ३० सेकंदांनी एकमेकांना मार्गांची यादी पाठवतात. तेवढ्यासाठी फोन लागत राहिला, तर तो रात्रभर ठेवलाच जात नाही. म्हणून फोन लावण्याजोगी पॅकेट कोणती, हे राउटरला आधी सांगून ठेवावं लागतं. ठरावीक वेळ असं एकही पॅकेट आलं नाही, की उलटी मोजणी संपते आणि राउटर फोन ठेवतो. त्यातली बारीक खुबी फार आवडण्याजोगी आहे. बिनमहत्त्वाचं पॅकेट चालू फोनवरून खुशाल जाऊ शकतं, पण त्याच्यासाठी नवा फोन लागत नाही आणि फोन ठेवण्याची उलटी मोजणीही पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

आणि मोठी फाइल उतरत असताना कोणी ऑफिसला फोन केला तर? डी वाहिनीवरून निरोप येतो, तशी सोय असलेला राउटर एक बी वाहिनी सोडून देतो, टेबलावरचा फोन वाजतो आणि फाइल निम्म्या वेगाने उतरत राहते.