नजर कुठे अडते, त्यावरून मेंदूचा झटका कुठला

उजवीकडे बघताना उजवा डोळा कानाकडे वळतो, डावा नाकाकडे. स्नायू वेगळे, नसाही वेगळ्या, तरी दोन्ही डोळे एकदमच हलतात. ही जोडणी मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूला पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात असते. त्याच्या पॉन्स या भागात, डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या नसेचं केंद्र आहे. उजव्या केंद्रातून एक निरोप थेट उजव्या डोळ्याला जातो. दुसरा मध्यरेषा ओलांडून डाव्या बाजूने वर चढतो आणि मध्यमेंदूतल्या तिसऱ्या नसेच्या केंद्राला डावा डोळा आत वळवायला सांगतो.

वर चढणारा हा तंतूंचा जुडगा अगदी बारीक. त्याला रक्त पुरवणारी छोटी धमनी बुजली (हाच मेंदूचा झटका), की उजवीकडे बघताना डावा डोळा मध्येच थबकतो आणि बाहेर गेलेला उजवा डोळा हिसके देत राहतो. रुग्ण म्हणतो, ‘एकाचे दोन दिसतात.’ मग बोट नाकाजवळ आणून बघायला सांगायचं. तोच अडलेला डोळा बहुतेकदा आत वळतो! स्नायू ठणठणीत आहे. जवळचं बघण्याची वाट वेगळी असल्याने ती वाचली. (तरुण रुग्णात हेच चिन्ह दिसलं, तर मल्टिपल स्क्लेरोसिस या, मेंदूतल्या तंतूंचं आवरण झिजवणाऱ्या आजाराचाही विचार करावा लागतो.)

इजा थोडी पसरून सहाव्या नसेचं डावं केंद्रही तिच्या तावडीत सापडलं, तर डावीकडे दोन्ही डोळे जात नाहीत आणि उजवीकडे फक्त उजवा जातो. मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९६७ मध्ये याला ‘दीड’चं नाव दिलं: एक बाजू पूर्ण गेली, दुसरी अर्धी.

वर-खाली बघण्याची केंद्रं मात्र मध्यमेंदूत. म्हणूनच पॉन्सचा पुढचा भाग दोन्हीकडे निकामी होऊन हातपाय आणि वाचा गेलेला, पण शुद्धीवर असलेला माणूस पापण्या मिटून किंवा नजर वर-खाली करून ‘हो-नाही’ सांगू शकतो. तपासणाऱ्याने नजर फक्त आडवी फिरवायला सांगितली, तर त्याला बेशुद्ध समजण्याची चूक होऊ शकते.

सतत गरगरणाऱ्या आणि डोळे थरथरणाऱ्या रुग्णात आणखी एक उलटा खेळ आहे. नजर डॉक्टरांच्या नाकावर ठेवायची. डॉक्टर रुग्णाचं डोकं झटकन थोडंसं वळवतात. आतल्या कानाची नस सुजली असेल तर नजर घसरते आणि मागाहून उडी मारून नाकावर येते. नजर खिळलेलीच राहिली, तर संशय मेंदूच्या झटक्याचा. थरथरीची दिशा नजरेबरोबर बदलणं, किंवा आळीपाळीने डोळे झाकताना एक डोळा खाली-वर सरकणं, हेही त्याच बाजूचे पुरावे. ही तपासणी शिकलेल्या हातांनीच करावी. घरी मान झटकू नये. सीटी स्कॅनमध्ये मस्तिष्कस्तंभाचा हा भाग नीट दिसत नाही, आणि पहिल्या ४८ तासांत एमआरआयसुद्धा कधीकधी निर्दोष येतो.