सायकल झालेली टाकी आणि मुरलेली टाकी

कोल्हापुरात खाऱ्या पाण्याची टाकी लावली की महिना-सव्वा महिन्यानं जो तो एकच विचारतो, "सायकल झाली का? मग सोडा की मासे." हे निम्मं खरं आहे. सायकल होणं, म्हणजे पाण्यातलं विष पचवणारे जिवाणू टाकीत वाढणं, वेगळं आणि टाकी मुरणं वेगळं. पाणी दोन्हींत सारखंच नितळ दिसतं, म्हणून घोटाळा होतो आणि मासे जातात. माझा मँडरिन जातीचा मासा असाच गेला.

तालमीतला हौदा डोळ्यांसमोर आणा. नवा हौदा खणला, चाळलेली तांबडी माती भरली, की त्यात उतरता येतं. पण जुन्या तालमीच्या मातीत वर्षानुवर्षं तेल, ताक, हळद, लिंबू जिरलेलं असतं आणि ती रोज उकरलेली असते. त्या मातीचा गुण पहिल्या महिन्यात येत नाही. टाकीचंही तसंच आहे.

आधी सायकल. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यामानानं सौम्य असतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू दगडावर, वाळूवर, फिल्टरमध्ये वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे घेतात. त्यांना या काळात खायला अमोनिया लागतो. तो अमोनियम क्लोराइडचे थेंब टाकून द्या, नाहीतर सोललेल्या कोळंबीचा तुकडा टाकीत कुजू द्या. जिवंत डॅमसेल (एक चिवट, भांडखोर छोटा मासा) सोडून सायकल करायची जुनी रीत मला अजिबात मान्य नाही. तो मासा आठवडेच्या आठवडे विषात राहतो. त्यातून वाचलाच, तर टाकी आपलीच समजून नंतर आलेल्या प्रत्येकाला बडवतो.

गोड्या पाण्यातून आलेल्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. अमोनियाचा सगळ्यात घातक भाग पीएच वाढला की वाढतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो. त्यामुळे टेस्ट किटवर अमोनियाचा जो आकडा ७ पीएचच्या गोड्या पाण्यात मासे कसेबसे सोसतात, तोच इथं दहा पटींहून जास्त विषारी ठरतो. थोडासा अमोनिया चालतो, ही गप्पीच्या टाकीतली सवय इथं सोडून द्या. २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर सायकल झाली म्हणायचं. त्यानंतर निम्मं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा.

पण जिवाणू असतात ते जेवढं खाणं मिळतं तेवढेच. पहिले एक-दोन मासे आले की ते वाढतात आणि त्या भाराला पुरतात. एकदम सहा मासे सोडले तर सायकल झालेल्या टाकीतही अमोनिया परत चढतो. म्हणून आधी क्लाऊन माशांची (नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या) जोडी घ्या, हॅचरीत वाढवलेली मिळाली तर उत्तमच. आपल्याकडे मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांची पैदास यशस्वी केली आहे, आणि असे मासे टाकीतलं खाणं चटकन धरतात. मग दोन-तीन आठवडे थांबा, रोज टेस्ट करा, आणि पुढचा एकच मासा आणा. गरीब स्वभावाचे आधी, भांडखोर शेवटी.

आता मुरणं. इथं जिवाणूंपलीकडचा सगळा संसार बसावा लागतो. सायकलनंतर वाळूवर, काचेवर तपकिरी थर चढतो. तो डायटम शेवाळाचा असतो, घाबरून टाकी धुवायला काढू नका. मग हिरवं शेवाळ येतं. ते खायला दोन-चार गोगलगायी सोडायच्या. कित्येक महिन्यांनी दगडावर जांभळट, चुन्यासारखे कडक डाग धरू लागतात, आणि फटींत कोपेपॉड वाढतात. कोपेपॉड म्हणजे डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे कवचधारी जीव. याला सहा महिने ते वर्ष लागतं. बाटलीतले जिवाणू टाकून सायकलचे दिवस कमी होतील, मुरण्याचे होत नाहीत.

माझ्या टाकीला अडीच महिने झाले होते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, घनता १.०२५. दुकानात मँडरिन दिसला, निळ्यावर नारिंगी नक्षी, आणि मी विचारलं एवढंच की सायकल झालीय, चालेल ना? चालेल म्हणाले. तो दिवसभर दगडांवर टोचत फिरायचा आणि मला वाटायचं, किती छान खातोय. तो खात नव्हता, शोधत होता. मँडरिनचं खाणं म्हणजे मुख्यतः हेच कोपेपॉड, आणि तेही दिवसभर वेचून. माझ्या कोऱ्या दगडांवर ते जवळजवळ नव्हतेच. गोठवलेली आर्टेमिया (माशांना खायला देतात ते बारीक झिंगे) तोंडासमोरून वाहत जायची, तो बघायचासुद्धा नाही. तिसऱ्या आठवड्यात पोट आत गेलं, पाठीवरचं मांस उतरलं. शेवटच्या दिवशीही टेस्ट किटवर सगळं बरोबरच होतं. टेस्ट किट विष मोजते, दगडावर खाणं किती आहे ते तिला कळत नाही. तो मासा मी अजून विसरलेलो नाही.

समुद्रफुलाचंही (क्लाऊन ज्यात लपून राहतो तो सी ॲनिमोन) असंच, वर्षभर तरी थांबावं. क्लाऊनला ते लागतंच असं नाही, त्याच्यावाचून तो टाकीत मजेत जगतो.

टाकी लवकर मुरावी म्हणून मालवणहून समुद्रातला प्रवाळाचा दगड उचलून आणायचा विचार कुणाच्या मनात आला, तर तो तिथंच सोडा. कडक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कोरडा दगड किंवा सिरॅमिक घ्या. मुरायला वेळ जास्त लागेल, इतकंच.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मात्र सायकलनंही अडत नाही आणि मुरल्यानंही. त्याला नवा मासा आधी वेगळ्या छोट्या टाकीत चार आठवडे नजरेखाली ठेवणं हाच उपाय.

आपल्याकडचे दोन त्रास दोन्ही टाक्यांना सारखेच. एप्रिल-मेमध्ये पाणी भराभर उडतं, मीठ मागं राहतं आणि खारेपणा चढतो. म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. दुसरा पावसाळ्यातला. लाईट गेली की पंप थांबतो. खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा ऑक्सिजन जवळजवळ पाचव्या हिश्शानं कमी मावतो, आणि तो माशांबरोबर जिवाणूंनाही लागतो. बॅटरीवरचा एअर पंप पहिल्या माशाच्या आधी घरात यावा.

मँडरिनसाठी टाकी झाली की नाही, हे बघायचं असेल तर रात्री टाकीचा लाईट बंद करून तासाभरानं काचेवर विजेरी धरा. पांढरे ठिपके झटके देत पळताना दिसले, काचेच्या एका कोपऱ्यात डझनाच्या वर, तर कोपेपॉड आलेत. माझ्या टाकीत ते नवव्या महिन्यात दिसले. तरी मी आणखी तीन महिने थांबलो.