मेकॅनिक्सचा सेट घेतलात, आता तो वापरायचा कसा

नमस्कार! आमचा सेल्फ स्टडी सेट घेतल्याबद्दल मनापासून आभार. पण वही उघडायच्या आधी हे पान वाचा, कारण क्लास न लावता घरी अभ्यास करणारी अकरावीची मुलं असोत नाहीतर नोकरी करून परत फिजिक्सकडे वळलेले लोक असोत, सगळे एकाच ठिकाणी अडकतात. थिअरी वाचलेली असते, सूत्रं पाठ असतात, छापलेलं उत्तर वाचलं की पटतं पण, आणि कोरं पान समोर आलं की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. आमचं स्पष्ट मत आहे की यात गणित कच्चं असण्याचा संबंध फार कमी असतो, मांडणीची सवय नसते एवढंच, आणि ती घरबसल्या लागते.

म्हणून वहीचं डावं पान पूर्ण कोरं ठेवलंय, ते फक्त आकृतीसाठी. समीकरणं उजवीकडे. डावं पान झाल्याशिवाय उजव्याला हात लावायचा नाही.

एक रोजचं उदाहरण घ्या. दादरहून लोकल सुटते तेव्हा कोणी न धरलेलं हँडल मागे झुकतं. समजा गाडीचं त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे आणि तुम्ही प्लॅटफॉर्मवरून बघताय, तर हँडल किती अंशात झुकेल? आधी ठरवा की आपली वस्तू हँडल आहे, गाडी नाही. मग त्याला काय काय टेकलंय ते बघा. फक्त वरचा पट्टा, म्हणजे एक ताण. न टेकता ओढणारी फक्त पृथ्वी. झाले दोन बाण. इथे बहुतेक जण मागच्या बाजूला तिसरा बाण काढतात, कारण हँडल मागे गेलेलं दिसतं ना! तेव्हा प्रत्येक बाणाला विचारा, हे बल लावतंय कोण? लावणारी वस्तू सापडली नाही तर बाण खोडा. (गाडीत बसून बघितलं तर छद्मबल, म्हणजे कोणतीही वस्तू लावत नसलेलं, फक्त हिशोबासाठी धरलेलं बल घ्यावं लागतं, पण ते पुढच्या भागात आहे, आत्ता दोन्हीची सरमिसळ नको.)

आता एक अक्ष त्वरणाच्या दिशेला आणि दुसरा उभा. टी म्हणजे ताण, एम हँडलचं वस्तुमान, ए गाडीचं त्वरण, जी गुरुत्वत्वरण (९.८) आणि थीटा म्हणजे उभ्या रेषेपासूनचा झुकाव. उभ्या दिशेत टी कॉस थीटा बरोबर एम जी, आडव्या दिशेत टी साइन थीटा बरोबर एम ए. भागाकार केला की एम आणि टी दोन्ही उडतात, टॅन थीटा येतो ०.५ भागिले ९.८, म्हणजे साधारण ३ अंश. लगेच पडताळा घ्या, ए शून्य केला तर हँडल सरळ लटकायला हवं, आणि सरळ रुळावर एकाच वेगाने धावणाऱ्या गाडीत ते तसंच लटकतं.

लंब प्रतिक्रिया, म्हणजे टेकलेला पृष्ठभाग वस्तूला काटकोनात ढकलतो ते बल, एम जी एवढीच असं डोळे झाकून लिहू नका. लिफ्ट १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर जात असेल तर ६० किलोच्या माणसावर ती ५८८ नाही, ६४८ न्यूटन असते. उताराच्या न्यूमेरिकलमध्ये अक्ष उताराला समांतर घ्या, निम्मं काम वाचतं.

पुलीवर मात्र थांबा. जॉर्ज अ‍ॅटवुड यांनी १७८४ मध्ये मांडलेली रचना आजही प्रत्येक पुस्तकात आहे, एका दोरीला दोन वजनं. २ आणि ३ किलो घ्या. दोन्हींची आकृती वेगवेगळी काढायची, समीकरणं दोन मिळतात आणि अज्ञात तीन दिसतात, ताण आणि दोन त्वरणं, आणि मुलं इथेच सोडून देतात. राहिलेलं समीकरण दोरीकडून येतं, ती ताणत नाही म्हणून एक जेवढं खाली तेवढंच दुसरं वर, दोघांचं त्वरण सारखंच. ते येतं १.९६, ताण २३.५ न्यूटन. हा ताण १९.६ आणि २९.४ या दोन वजनांच्या मध्येच पडायला हवा, नाहीतर चिन्ह कुठेतरी चुकलंय.

सेटमध्ये दोन पुस्तिका आहेत, एकीत फक्त मांडणी, दुसरीत पूर्ण उत्तरं. अडलात तर आधी मांडणीची उघडा, ती बंद करा आणि तेच गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर परत मांडा. शंका विचारायला दुकानात याल तेव्हा वही सोबत आणा, डावं पान अर्धवट असलं तरी चालेल, आम्ही तिथूनच पुढे बघतो.