पाण्यात प्रकाश जलद की मंद? अपवर्तनाच्या नियमामागचा जुना वाद

दहावीच्या विज्ञानात अपवर्तनाचा, म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाश वळण्याचा नियम एका ओळीत येतो. आपतन कोनाच्या (येणारा किरण पृष्ठभागाच्या लंबाशी करतो तो) साइनला अपवर्तन कोनाच्या (वळलेला किरण करतो तो) साइनने भागलं, तर माध्यमांच्या ठरावीक जोडीसाठी उत्तर कायम एकच. हवेतून पाण्यात जाताना 1.33, साध्या काचेत साधारण 1.5, हिऱ्यात 2.42. स्नेलचा नियम म्हणून तो पाठ होतो आणि गणितं सुटतात. पण पहिल्या मोजमापापासून ही ओळ छापून यायलाच जवळपास दीड हजार वर्षं गेली, आणि छापल्यावरही प्रकाश मुळात कशामुळे वळतो, हे आणखी दोनशे वर्षं ठरत नव्हतं. पुस्तकात न येणारा हा दुसरा भाग मला नियमाहून महत्त्वाचा वाटतो.

मोजमापाची सुरुवात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात झाली. अंशांच्या खुणा केलेली तबकडी पाण्यात अर्धी बुडवून खगोलज्ञ टॉलेमीने हवेतला आणि पाण्यातला कोन मोजला. किरण डोळ्यातूनच बाहेर पडतात अशी त्याची समजूत होती, पण कोनांना त्याने फरक पडत नाही. 10 अंशांना 8, 20 ला 15.5, 30 ला 22.5, असं करत 60 ला 40.5 आणि 80 ला 50 असं त्याचं कोष्टक आहे. यातला 60 अंशांचा आकडा आजच्या सूत्राशी तंतोतंत जुळतो, 80 चा मात्र दोन अंशांहून जास्त चुकतो, कारण तिथे खरं उत्तर 47.6 च्या आसपास येतं. आणि लागोपाठच्या आकड्यांतली वाढ पाहिली की लक्षात येतं, ती 8, 7.5, 7, 6.5 अशी दर वेळी बरोबर अर्ध्या अंशाने उतरत जाते. प्रत्यक्ष मोजमाप इतकं सुबक कधीच येत नाही. काही कोन मोजून बाकीचे त्याने एका आकृतिबंधात बसवले असावेत. तरीही प्रकाशाचं वळणं तर्काने नव्हे, कोन मोजून समजून घ्यायचं, ही दिशा त्याचीच.

बरोबर गुणोत्तर पहिल्यांदा दिसतं ते बगदादमध्ये, 984 च्या सुमारास. गणिती इब्न सहलला सूर्यकिरण एका बिंदूवर आणून जाळणारी भिंगं घडवायची होती, म्हणजे त्याला किरण नेमका किती वळतो हेच हवं होतं. त्याने काटकोन त्रिकोणातल्या दोन लांबींचं गुणोत्तर स्थिर धरलं, आणि ते गुणोत्तर म्हणजेच आजचा साइनचा नियम. त्याच्या हस्तलिखिताची पानं दमास्कस आणि तेहरानमध्ये विखुरली होती. ती जुळवून विज्ञानाचे इतिहासकार रोशदी राशेद यांनी 1990 मध्ये हा शोध जगापुढे मांडला. नियमाला नाव द्यायचं माझ्या हाती असतं, तर मी इब्न सहलचं दिलं असतं.

युरोपात तोच नियम पुन्हा तिघांना सापडला. इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने तो 1602 च्या सुमारास काढला, पण छापला नाही. खगोलज्ञ केप्लरने पत्र लिहून विचारलं तेव्हाही त्याने आकडे पाठवले, नियम नाही. लायडनच्या विलेब्रॉर्ड स्नेलने 1621 मध्ये तो शोधला आणि 1626 मध्ये तो वारला, तेव्हाही नियम कागदांतच होता. छापून आणला तो फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्तने, 1637 मध्ये.

आणि इथूनच वाद पेटला. पृष्ठभागाला समांतर असलेली गती बदलत नाही, फक्त लंब दिशेची बदलते, असं देकार्तने चेंडूचं उदाहरण घेऊन मांडलं. त्यातून साइनचं गुणोत्तर बरोबर निघतं, पण त्यासाठी प्रकाश हवेपेक्षा पाण्यात जलद असावा लागतो. हे फ्रेंच गणिती पिएर द फर्माला पटेना. त्याने 1662 मध्ये वेगळंच गृहीत धरलं. घन, म्हणजे जास्त दाट माध्यमात प्रकाश मंद होतो, आणि दोन बिंदूंमध्ये तो कमीत कमी वेळेचा मार्ग घेतो. बांधावरून झपझप चालता येतं, नांगरटीत पाय रुततात, म्हणून माणूस बांधावर थोडं जास्त चालून नांगरटीतलं अंतर कमी करतो, तसं. देकार्तचं गुणोत्तर चुकीचं निघेल अशी फर्माची अपेक्षा होती. गणित सोडवल्यावर नेमकं देकार्तचंच गुणोत्तर आलं आणि फर्मा स्वतःच चकित झाला.

म्हणजे सूत्र एकच, पण कारणं परस्परविरुद्ध. कोन कितीही काटेकोर मोजले तरी निवाडा होणार नव्हता. देकार्तच्या अनुयायांनी एक बिनतोड प्रश्नही विचारला: कोणता मार्ग लवकरचा, हे प्रकाशाला आधी कसं कळतं? त्याचं उत्तर डच शास्त्रज्ञ हायगेन्सने 1690 मध्ये दिलं. प्रकाश ही लहर मानली, तर लहरीची जी बाजू आधी पाण्यात शिरते ती आधी मंदावते आणि सगळी लहर त्या बाजूला वळते. कुणाला काही कळण्याची गरजच उरत नाही. पण प्रकाश म्हणजे लहर नव्हे, कणांचा प्रवाह, या बाजूने न्यूटन होता. घन माध्यम कणांना ओढून घेतं, म्हणून तिथे प्रकाश जलद, असं त्याचं म्हणणं, आणि त्याच्या शब्दाचं वजन पुढे शतकभर टिकलं.

निकाल लागला 1850 मध्ये, पॅरिसमध्ये. कल्पना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आरागोची, 1838 ची. प्रयोग लेआँ फुकोने केला. वेगाने फिरणाऱ्या आरशावरून निघालेला प्रकाश एकदा हवेतून आणि एकदा पाण्याच्या नळीतून परत आणायचा. तेवढ्या वेळात आरसा किंचित फिरलेला असतो, म्हणून ज्याला उशीर होईल त्याची प्रतिमा जास्त सरकते. प्रत्यक्ष वेग मोजायची गरजच नव्हती, तुलना पुरेशी होती. पाण्यातून आलेली प्रतिमा जास्त सरकली. काही आठवड्यांनी फिझो या दुसऱ्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानेही तेच दाखवलं. यंग आणि फ्रेनेल या भौतिकशास्त्रज्ञांनी लहरींची बाजू आधीच भक्कम केली होती, पण पाण्यात प्रकाश मंद होतो हे आता प्रत्यक्ष दिसलं.

हा मंदावलेला वेग आज अभियंते रोज हिशेबात धरतात. ऑप्टिकल फायबरच्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे सुरुवातीला आलेलं साइनचं गुणोत्तर, 1.47 च्या आसपास असल्याने त्यातून प्रकाश सेकंदाला 3 लाखांऐवजी साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर चढणाऱ्या समुद्राखालच्या केबलमधून 10 हजार किलोमीटरवरचा संदेश यायला निव्वळ काचेमुळे 50 मिलिसेकंद लागतात. मोकळ्या अवकाशात तेच अंतर 33 मिलिसेकंदांत कापलं गेलं असतं.