भाजल्यावर टूथपेस्ट? आधी पाणी

फॉरवर्ड असा: ‘मूल भाजलं तर लगेच टूथपेस्ट किंवा हळद लावा, फोड येत नाही.’

टूथपेस्टने गार वाटतं, हे खरं. पण तो पुदिन्याच्या अर्काचा परिणाम. त्वचेतली उष्णता तशीच राहते. न भाजलेल्या, धड त्वचेवर थोडी लावून बघा: पेस्ट खोलीतल्या हवेइतकीच कोमट, तरी गारवा जाणवतो. शिवाय जखम किती खोल हे पाहायला डॉक्टरांना तो थर खरवडून काढावा लागतो, आणि तेव्हा लेकरू जिवाच्या आकांताने रडतं.

मुलांची त्वचा पातळ, म्हणून चहाचा एक कप सांडला तरी खोल भाजतं. अंगठी, बांगडी, कपडे काढा (चिकटलेले ओढू नका) आणि साधं पाणी 20 मिनिटं ओता. सोलापुरात नळाला रोज पाणी कुठे येतं? मग पिंपातलं स्वच्छ पाणी तांब्याने सावकाश ओतत राहा. तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ नको. बाकी अंग पांघरुणात उबदार ठेवा.

नंतर स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने सैल झाका. फोड फोडू नका. मुलाच्या तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, जांघेत असेल, तर थेट दवाखाना. मलम की चांदीयुक्त ड्रेसिंग (जंतू रोखणारी, चांदीचा अंश असलेली पट्टी), हे तिथे जखम किती खोल ते पाहून ठरतं. काही ड्रेसिंग्ज कित्येक दिवस बदलावी लागत नाहीत, त्यामुळे मुलाच्या वेदना कमी होतात.