उमराव पदव्यांची विक्री (युरोप, सोळावे ते अठरावे शतक)

युरोपातील राजसत्तांनी रोख रक्कम घेऊन सरदारकी, किताब आणि दर्जा देणारी सरकारी पदे विकण्याची पद्धत. तोफा, तटबंदी आणि पगारी फौजा यांमुळे युद्धाचा खर्च बेसुमार वाढला होता आणि नवे कर बसवायचे तर प्रतिनिधिसभांशी भांडण ठरलेले असे. दुसरीकडे व्यापारात आणि सावकारीत गबर झालेल्या घराण्यांकडे सगळे होते, फक्त खानदानी मान नव्हता. हा सौदा त्यातून जुळला. त्याकडे केवळ श्रीमंतांची हौस म्हणून पाहणे चुकीचे आहे. सरकारने कर्ज उभारण्याचा तो एक मार्ग होता आणि त्याची फेड तिऱ्हाइताने केली.

इंग्लंडमध्ये पहिल्या जेम्सने १६११ मध्ये ‘बॅरोनेट’ हा नवा किताबच निर्माण केला. तो पिढीजात होता, पण त्याने लॉर्ड्सच्या सभागृहात जागा मिळत नसे. किंमत होती १,०९५ पौंड, आणि या आकड्यामागे सरळ हिशेब होता. आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतात ३० शिपाई तीन वर्षे ठेवण्याचा खर्च उमेदवाराने उचलायचा. शिपायाला रोज ८ पेन्स, म्हणजे तिसांचा दिवसाला एक पौंड आणि तीन वर्षांचे १,०९५ पौंड. वर्षाला हजार पौंडांचे जमिनीचे उत्पन्न हवे, आजोबांच्या नावे कुलचिन्ह हवे आणि एकूण बॅरोनेट दोनशेच असतील, अशा अटी सुरुवातीला होत्या. पुढे दरबारातील मर्जीतल्या माणसांना विक्रीचे हक्कच बक्षीस मिळू लागले आणि १६२२ च्या सुमारास भाव सव्वादोनशे पौंडांपर्यंत घसरला. त्याच्या वरच्या पायरीचा, म्हणजे लॉर्डपदाचा, बाजारही तेजीत होता. सर जॉन रोपर १६१६ मध्ये १०,००० पौंड मोजून लॉर्ड टेनम झाले. १६२६ मध्ये पार्लमेंटने राजाच्या खास मर्जीतल्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमवर महाभियोग आणला, तेव्हा आरोपांत मानपदांची विक्री होतीच; एका धनिकाला १०,००० पौंडांना लॉर्डपद घ्यायला भाग पाडल्याचाही आरोप होता. (मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई १८५७ मध्ये बॅरोनेट झाले ते याच श्रेणीत, पण तोवर हा किताब विकत मिळत नव्हता.)

व्हेनिसने क्रीट बेटासाठी तुर्कांशी चाललेल्या युद्धात (१६४५–६९) शतकानुशतके जवळपास बंद ठेवलेला आपला ‘सुवर्णग्रंथ’, म्हणजे उमराव घराण्यांची नोंदवही, १,००,००० डुकातांना (डुकात हे तिथले नाणे) उघडला. त्यांतले ६०,००० देणगी म्हणून आणि ४०,००० कर्जाऊ घेतले जात.

ही पद्धत सर्वांत खोल रुजली ती फ्रान्समध्ये. तेथे मुख्यतः न्यायाधीशांची, खजिनदारांची आणि सचिवांची पदे विकली जात. पदाचा पगार हे गुंतवलेल्या रकमेवरचे व्याजच असे. मालकाला पद दुसऱ्याच्या नावे करता येई, पण त्यानंतर चाळीस दिवसांच्या आत तो मेला तर पद राजाकडे जाई. १६०४ पासून पदाच्या ठरीव किमतीचा साठावा भाग दरवर्षी भरला की ही भीती उरत नसे. वसुलीचा मक्ता घेतलेल्या शार्ल पोले याच्या नावावरून या कराला ‘पोलेत’ म्हणत. न्यायदान अशा रीतीने घरची मालमत्ता झाले. १६४८ मध्ये या सवलतीच्या मुदतवाढीसाठी सरकारने न्यायाधीशांचा चार वर्षांचा पगार मागितला, तेव्हा पॅरिसची न्यायालये एकत्र उठली आणि ‘फ्रॉन्द’ या बंडाला तोंड फुटले.

‘राजसचिव’ या पदाला फारसे कामच नव्हते. वीस वर्षे ते धारण केले, किंवा पदावर असताना मृत्यू आला, की घराणे कायमचे उमराव होई. लोक त्याला हीन कुळाचा मळ धुणारा साबण म्हणत. चौदाव्या लुईने तर १६९६ मध्ये सरदारकीच्या ५०० सनदा प्रत्येकी ६,००० लिव्र (फ्रेंच चलन) दराने विक्रीला काढल्या आणि १७१५ मध्ये १६८९ पासूनच्या सनदा रद्द करून घेणाऱ्यांच्या तोंडाला पाने पुसली.

खरी झळ बसली ती ज्यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही त्यांना. उमरावाला ‘ताय’ हा मुख्य कर माफ असे. बऱ्याच प्रांतांत हा कर गावावर ठोक बसे. त्यामुळे गावचा श्रीमंत सुटला की त्याचा वाटा शेतकऱ्यांच्या माथी येई. स्पेनमधील कास्तील राज्यातही नगरांनी याच कारणासाठी ‘हिदाल्गो’ या कनिष्ठ सरदारी दर्जाच्या विक्रीला वारंवार विरोध केला. शिवाय किरकोळ व्यापार केल्यास फ्रेंच उमरावाचा दर्जा जाई, म्हणून नवे सरदार दुकान बंद करून पैसा जमिनीत आणि पदांत अडकवत.

फ्रान्समधील पदविक्री ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री क्रांतिकारी सभेने रद्द ठरवली आणि जून १७९० मध्ये पिढीजात सरदारकीच संपवली. पदधारकांना भरपाई मिळाली, पण ती ‘आसिन्या’ या कागदी चलनात, आणि त्याची किंमत पुढच्या काही वर्षांत मातीमोल झाली.